खिशातला समुद्र

शुक्रवारी ऑफिसात नव्या ब्रोशरचे गठ्ठे आले. गुळगुळीत कागद, निळंशार पाणी, पांढरी वाळू, आणि वर तिरक्या अक्षरांत छापलंय, ‘आधी डोळे, मग मोबाईल!’ खाली आमच्या कंपनीचं नाव. सरांचं नाव कुठेच नाही. माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य गेस्टना ऐकवतात म्हणून याच कंपनीने सरांना मेमो दिला होता. उद्धट वर्तन म्हणे! आणि आता तेच वाक्य जाहिरातीत. वर फोटोत कोण, तर एक बाई समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढतेय. अरे, वाक्य चोरलंत ते चोरलंत, निदान वाचून तरी चोरायचं!

सर म्हणजे कुठल्या शाळेतले सर नव्हेत. सातपूरला एका कारखान्यात स्टोअरला होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा आमच्या कंपनीत टूर मॅनेजर म्हणून आले आणि पुढची कितीतरी वर्षं नाशिकच्या माणसांना अंदमान दाखवून परत आणत राहिले. आमचं ऑफिस गंगापूर रोडला, खाली मिठाईचं दुकान आणि वर आम्ही. सरांचा अवतार एकदा पाहिला की विसरायचा नाही. फुलबाह्यांचा शर्ट आत खोचलेला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात काळी छत्री आणि खांद्यावर पिवळा टॉवेल. समुद्रकिनाऱ्यावर हा वेश. घोट्याच्या वर पाण्यात कधी गेले नाहीत, मासा कधी खाल्ला नाही, आणि इडली दिसली की तोंड कडू करायचे.

मी आधी सिन्नरला एमआयडीसीत एका ऑफिसात होते. इथे मुलाखतीला आले तर मालक नुसते बसून राहिले आणि प्रश्न सरांनीच विचारले.

"पोहता येतं?"

"नाही."

"छान. मलाही येत नाही. बोट लागते?"

"माहीत नाही. बसलेच नाही कधी."

"मला लागते. तेव्हा तुला लागून चालणार नाही."

झाली मुलाखत. त्या दिवसापासून मी ‘असिस्टंट’. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. "असिस्टंट, पाणी!" "असिस्टंट, त्या काकांना नारळाखालून उठव, डोक्यात पडला तर मला परत आणावं लागेल!" हॅवलॉक बेटाच्या बोटीत हा माणूस डोळे मिटून, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसायचा आणि समुद्राला शिव्या घालायचा. धक्क्यावर उतरला रे उतरला की छत्री वर करून ओरडायचा, "बघा, बघा, काय रंग आहे पाण्याचा!" मघाशी शिव्या खाल्लेला समुद्र जणू कोणी दुसराच.

आपल्या लोकांना कुठेही न्या, त्यांना पॉइंट लागतो. बसमधून पाय खाली टेकायच्या आत कोणीतरी विचारणारच, "इथे काय पॉइंट आहे?" सरांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. "इथे पॉइंट नाही. इथे समुद्र आहे. पॉइंट पाहिजे असेल तर महाबळेश्वरला जा!" मग छत्रीच्या टोकाने वाळूत लांबच लांब रेघ मारायचे. सगळ्यांनी रेघेच्या अलीकडे उभं राहायचं, मोबाईल खिशात, तोंड बंद. "आधी डोळे, मग मोबाईल." दहा मिनिटं. कोणाचा हात खिशाकडे गेला की छत्री त्याच्याकडे वळायची. लोक चिडायचे, पुटपुटायचे, "पैसे भरून शिक्षा आहे ही," म्हणायचे. आणि दहा मिनिटांनी सरांनी पायाने रेघ पुसली तरी निम्मी माणसं तशीच उभी असायची, समोर बघत. हे मी स्वतः पाहिलंय. त्या ब्रोशरवाल्याने नाही पाहिलं.

टूरच्या आधीच्या रविवारी सर सगळ्या ग्रुपला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बोलवायचे. याला ते रंगीत तालीम म्हणायचे. पाण्याकडे तोंड करून बसायचं आणि नुसतं बघायचं. "ज्याला घरचं पाणी बघता येत नाही त्याला अंदमानचं दाखवून काय करू?" एकदा एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो, पण यात बघायचं काय?"

"तेच तुम्ही मला सांगायचंय," सर म्हणाले.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी टूर रद्द केली. मालकांनी कपाळाला हात लावला.

बाराटांगला चिखलाचा ज्वालामुखी आहे. नाव ऐकूनच लोकांच्या डोळ्यांपुढे ज्वाळा नाचायला लागतात. उन्हात चढ चढून, घामाघूम होऊन वर पोचावं तर काय, कुंपणाच्या आत राखाडी चिखल आणि अधूनमधून एक बुडबुडा. पुट्. संपलं. एक साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, "एवढंच?"

झालं! "एवढंच म्हणजे? पृथ्वीच्या पोटातून बुडबुडा येतोय साहेब, तुमच्या डोळ्यांसमोर! अजून काय पाहिजे, डीजे?" साहेब वरमले, पण बाकीचे चेकाळले. तेव्हा सरांनी आवाज खाली आणून सांगितलं की इथे फार गलका केला तर हा उसळतो, एका ग्रुपच्या अंगावर चिखल उडाला होता. सगळे चिडीचूप. मग त्या शांततेत बुडबुड्याचा आवाज आला आणि एक आजी हरखून "अगोबाई!" म्हणाल्या. परत येताना मी विचारलं, "सर, खरंच उडाला होता?" तर म्हणाले, "छे! खरं सांगून कोण गप्प बसतं?" असे धडधडीत खोटं बोलायचे, आणि वर लाज नाही.

त्याच बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा करून सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही, असा नियम आहे. आणि आमची माणसं? आदल्या रात्रीपासून एकच. "ते दिसतील का हो? बिस्किटं घेऊन ठेवू का?" माणसं बघायला बिस्किटं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सर बसचे सगळे पडदे ओढून घ्यायला लावायचे आणि स्वतः मधल्या वाटेत हात पसरून उभे राहायचे. बस वळणं घेतेय, हे इकडून तिकडे आपटतायत, पण बसायचे नाहीत. "तुमच्या कॉलनीतून रोज शंभर बस जाव्यात आणि काचेला नाकं लावून तुम्हाला बिस्किटं दाखवावीत, चालेल? ते काय पॉइंट आहेत?" एका तरुण गृहस्थाने पडद्याच्या फटीत मोबाईल धरला. सरांनी तो हातातून काढला, शेजारच्या बाईंच्या चिवड्याच्या डब्यात कोंबला आणि वरून झाकण लावलं. एक मेमो त्याचाही आहे.

पण सर कोणी प्रेमळ म्हातारे होते असं समजू नका. अतिशय तिरसट माणूस. नील बेटावर ओहोटी लागली की खडक उघडे पडतात, खळग्यांत पाणी साठून राहतं आणि त्यात खेकडे, तारामासे, काय काय दिसतं. एकदा ओहोटीची वेळ मी चुकीची सांगितली. ग्रुप पोचला तेव्हा सगळे खडक पाण्याखाली. "असिस्टंट! समुद्र काय तुझ्या मामाचा आहे, तुझ्यासाठी थांबायला?" सगळ्या ग्रुपसमोर. मला रडू फुटलं. पण खरं सांगू? आतून बरंही वाटलं.

कारण माझ्यावर असं कोणी ओरडतच नाही. माझ्या पत्रिकेत मंगळ आहे, तोही कडक. तिशी उलटली तरी लग्न जमेना. त्यामुळे सिन्नरला आमच्या गल्लीत, नात्यात, लग्नाकार्यात सगळे माझ्याशी एका ठरावीक आवाजात बोलतात. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर काढतात ना, तो आवाज. हळू, गोड, मान जराशी तिरकी करून. "कशी आहेस गं?" त्या आवाजाची मला इतकी चीड आहे की मान तिरकी झाली की माझी मूठ आपोआप वळते. काय झालंय मला? पगार आणते, घर चालवते, तीस-पस्तीस माणसं समुद्रापार नेऊन आणते. सर मात्र सगळ्यांवर एकाच आवाजात ओरडायचे. वकिलावर तसेच, डॉक्टरवर तसेच, माझ्यावर तसेच. त्या ओरडण्यात मी चारचौघींसारखी असायचे.

आता झडतीचं सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं.

अंदमानातून शंख, शिंपले, प्रवाळ काहीही उचलून आणायला बंदी आहे. विमानतळावर बॅगा उघडून काढून घेतात. पण आपल्या माणसांना जिथे जातील तिथून काहीतरी उचलल्याशिवाय करमत नाही. शोकेसमध्ये ठेवायचं, चार दिवस पाहुण्यांना दाखवायचं, मग धूळ खात पडतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात, जेवणाआधी, सर टेबलावर पिवळा टॉवेल अंथरायचे आणि गरजायचे, "चला, समुद्र काढा! ज्याच्या ज्याच्या खिशात समुद्र आहे त्याने इथे आणून ठेवा. मगच जेवण!" लोक हसत, लाजत, कुरकुरत एकेक काढायचे. सरांना लपवायच्या सगळ्या जागा पाठ. मोजे, चष्म्याचं घर, पावडरचा डबा, औषधांची पिशवी. सकाळी विमानतळावर निघायच्या आधी टॉवेलचं गाठोडं घेऊन स्वतः समुद्रावर जायचे आणि सगळं परत पाण्यात सोडून यायचे. कोणाला एक शिंपला ठेवू दिला नाही. एका बड्या अधिकाऱ्याची बायको तावातावाने भांडली, तिलाही नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या बॅचला मी आईला बरोबर नेलं. वडील गेल्यापासून ती सिन्नरच्या बाहेर पडली नव्हती. मला वाटलं, बिचारीला समुद्र दाखवू. पण बाई वेगळाच बेत करून आली होती. तिच्या गुरुजींनी तिला सांगितलं होतं की मुलीच्या मंगळाला पोवळं घाला. दुकानातलं नको, आईने स्वतःच्या हाताने समुद्रातून आणलेलं पाहिजे, मग बघा कसं लग्न जमतं. पोवळं म्हणजे लाल प्रवाळच की! नील बेटावर मी बाकीच्यांचे फोटो काढत होते आणि आई लाटांच्या कडेने खाली मान घालून फिरत होती. तिथे तिला एक लालभडक तुकडा सापडला. मला पत्ता नाही.

शेवटच्या संध्याकाळी टॉवेल अंथरला. त्या ग्रुपमध्ये दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. दरवर्षी अख्खा गोतावळा घेऊन आमच्याच कंपनीकडून कुठे ना कुठे जायचे, त्यामुळे मालक त्यांना फार जपायचे. नानांनी भला थोरला शंख आणून टॉवेलवर ठेवला.

"लय जीव जडला होता, सर," ते म्हणाले.

"आतल्या किड्याचाही जडला होता नाना, घर होतं त्याचं," सर म्हणाले. नाना हसले.

मग सर आईपाशी आले. आई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला. खडखड.

"ताई, लाडू वाजत नाहीत."

सगळे खो खो हसले. मीही हसले. आईने मात्र डबा हिसकावून घेतला आणि पोटाशी धरला.

"नाय देणार. दुसरं काय पाहिजे ते घ्या, हे नाय देणार."

"ताई, इथे कोणालाच..."

"माझ्या पोरीला मंगळ हाय हो!" आई एकदम ओरडली. "किती वर्षं झाली! माणसं येतात, पत्रिका बघतात, चहा पितात आन् उठून जातात. गुरुजींनी सांगितलंय पोवळं घालायला. एवढुसं तर हाय. एवढ्या मोठ्या समुद्राला काय कमी पडणार हाय?"

हसणं थांबलं. तीस-पस्तीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि तीस-पस्तीस माना एकदम तिरक्या झाल्या. मागून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. लाजेने मेल्यासारखं होतं म्हणतात, मला तसलं काही झालं नाही. मी पेटले. पण मनात एकच, आता सर ओरडतील. आईवर ओरडतील, माझ्यावर ओरडतील, डबा काढून घेतील आणि सगळं पहिल्यासारखं होईल.

सर बोलले. हळू, गोड, मान जराशी तिरकी करून. "असू दे, ताई. ठेवा तुमच्याकडे."

"सर!" मी ओरडले. "घ्या तो डबा!"

"असू दे," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मीच डबा ओढला. आईने तिकडून ओढला. झाकण उडालं, डिंकाचे लाडू फरशीभर घरंगळले, आणि तो लाल तुकडा आईच्या मुठीत गच्च. मायलेकी भर डायनिंग हॉलमध्ये डब्यासाठी झोंबतोय आणि लोक ताटं घेऊन बघतायत. तेवढ्यात नाना उठले.

"मंग आमच्या शंखानं काय घोडं मारलंय, सर? आमच्याबी घरात लग्नाच्या पोरी हायेत." आणि टॉवेलवरचा शंख उचलून खिशात घातला. नानांनी उचलला म्हटल्यावर बाकीचे काय थांबतात! बघता बघता टॉवेल रिकामा. सरांनी तो झटकला, घडी घातली, खांद्यावर टाकला आणि जेवण न करताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर व्हायचं तेच झालं. एका मागोमाग एक आमच्याच बॅगा बाजूला. सगळं उघडलं, कपडे बाहेर, शंख-शिंपल्यांचा ढीग, सगळ्या रांगेसमोर शोभा. नानांना आत नेऊन बसवलं, लिहून घेतलं, विमान सुटता सुटता सोडलं. नाना तिथेच गरजले, "तुमच्या मॅनेजरनीच परवानगी दिली व्हती!" आईचा तुकडा मात्र सापडला नाही. तो तिच्या अंबाड्यात होता. अख्खा प्रवास बाई मान ताठ धरून बसली होती. मला वाटलं, माझ्यावर रुसलीय.

नाशिकला आल्यावर मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"परवानगी कोणी दिली?"

"मी," सर म्हणाले.

"का?"

"दिली."

"साहेब, हे माझ्या आईमुळे झालं," मी म्हटलं. "तिने..."

"तू गप्प बस, असिस्टंट!" सर ओरडले.

आणि मालक माझ्याकडे वळून काय म्हणाले असतील? "तुझं मी समजू शकतो गं." समजू शकतो! काय समजू शकतो? टेबलावरचं पेपरवेट उचलून भिरकवावंसं वाटलं. मग त्यांनी सरांना सांगितलं की नानांच्या घरी जाऊन माफी मागा. सर म्हणाले, "मागतो. पण आधी त्यांनी नीलला जाऊन समुद्राची मागायची, शंख उचलला म्हणून." संपलं. वय झालं असं कारण दाखवून सरांना काढलं. जाताना त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल तेवढा उचलला. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मालकांचा राग होता, नानांचा होता, आईचा तर होताच, पण सगळ्यात जास्त सरांचा होता. साऱ्या जगाने मान तिरकी केली तरी या एका माणसाने करायची नव्हती.

आता बॅच मी नेते. धरणावरची तालीम बंद झाली. झडती बंद, कारण त्यात म्हणे गेस्टचा अपमान होतो. वाळूत रेघ मारली तर मालकांचा फोन येतो. आणि ब्रोशरवर मात्र ‘आधी डोळे, मग मोबाईल!’

तो तुकडा इतके महिने आमच्या देव्हाऱ्यात होता. अंगठी करायला गुरुजींचा मुहूर्त मिळत नव्हता. अखेर मिळाला, ब्रोशर आल्यानंतरच्या रविवारचा. आईने मला बळेच सराफ बाजारात नेलं. सोनाराने तुकडा उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि नखाने नुसता दाबला. काचेवर लाल भुगा पडला.

"काकू, हे पोवळं नाही. प्रवाळाचाच प्रकार दिसतोय, पण हे आतून पोकळ आहे, बघा, सगळ्या बारीक नळ्या. अंगठीत बसवायला घेतलं तर हातात भुगाच येईल. चांगलं पोवळं दाखवू का?"

"नको," आई म्हणाली आणि तुकडा रुमालात बांधून उठली.

बाहेर आल्याबरोबर मी सुटले. रस्त्यातच. "यासाठी! या भुग्यासाठी माझी पत्रिका सगळ्या गावाला वाचून दाखवलीस! याच्यापायी त्या माणसाचं काम गेलं, एवढ्या वर्षांची पद्धत गेली, आणि तू देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहत होतीस! मी मागितलं होतं तुला पोवळं? एकदा तरी विचारलंस मला?" लोक वळून बघत होते. बघू देत. आई खाली मान घालून ऐकत होती. माझा दम संपल्यावर तिने विचारलं, "सरांचं घर कुठंय?"

रिक्षा करून सातपूरला गेलो. सरांनी बनियनवरच दार उघडलं. एकटेच राहतात. दारामागच्या चपलांच्या फळीवर आमचं नवं ब्रोशर अंथरलेलं, त्यावर चिखलाच्या चपला. कोणीतरी त्यांना आणून दिलं असणार. आम्हाला बघून ते गडबडले, शर्ट शोधायला लागले, आणि मग तोच आवाज. "या, ताई, बसा. कशी आहेस गं?"

"सर, त्या आवाजात बोलू नका!"

त्यांनी सापडलेला शर्ट अंगात घातला.

"का ठेवू दिलंत? एवढंच सांगा. एवढ्या वर्षांत कोणाला शिंपला ठेवू दिला नाहीत. आईलाच का?"

"अगं, सगळ्यांसमोर तुझं असं निघालं," ते शर्टाची बटणं लावत म्हणाले. "त्यात मी अजून डबा हिसकावला असता तर... मला वाटलं, पोरीला किती म्हणून..."

"दया आली तुम्हाला. तीच नको होती मला! गावात ढिगाने मिळते ती. तुम्ही सगळ्यांवर सारखे ओरडायचात म्हणून मी तुमच्या हाताखाली काम केलं. तुमची बोट लागणं सांभाळलं, शिव्या खाल्ल्या, कधी तक्रार केली? त्या दिवशी ओरडायचं सोडून तुम्ही मला सिन्नरच्या आमच्या गल्लीत नेऊन उभं केलंत!"

सरांनी शेवटचं बटण लावलं. मग म्हणाले, "चुकलं." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले. कसलं काय! दोरीवरचा पिवळा टॉवेल ओढून आले, समोरच्या टीपॉयवर अंथरला, आणि असे गरजले की आई खुर्चीत दचकली.

"काढा समुद्र!"

आईने लगबगीने रुमाल सोडला आणि तो भुगा झडणारा तुकडा टॉवेलच्या मधोमध ठेवला.

"वय काय तुमचं, ताई? देव्हाऱ्यात ठेवता? समुद्र काय तुमच्या माहेरचा आहे, जाल तेव्हा ओटी भरून द्यायला? विमानतळावर कुठे लपवलात? आणि उचललात कुठून?"

"अंबाड्यात," आई चाचरत म्हणाली. "उचललं नीलला. एक वाकडं झाड पाण्यात आडवं आलंय ना, त्याच्या बुडाशी."

"मग तिथेच परत जाईल. असिस्टंट! पुढच्या बॅचला घेऊन जायचं. झाडाच्या बुडाशी हाताने ठेवायचं, लांबून भिरकवायचं नाही. आणि तू कसली गं टूर मॅनेजर? शेजारी बसलेल्या आईचा अंबाडा तपासता येत नाही तुला? इतकी वर्षं काय शिकवलं मी? मोजे, पावडरचा डबा, चष्म्याचं घर, आणि अंबाडा विसरलीस? एवढा मोठा अंबाडा!"

आवाज जिन्यात गेला असणार. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि एक काकू घाबऱ्याघुबऱ्या डोकावल्या. "अहो, काय झालं? कोणावर ओरडताय एवढे?"

"काही नाही काकू," मी म्हटलं. "आमच्यावरच ओरडतायत. तुम्ही काळजी करू नका."

काकू गेल्या. मी दार लावून घेतलं आणि परत येऊन सरांच्या समोर उभी राहिले. ते अजून अंबाड्यावरच होते.